रात्रपाळीचा कंपाइलर

बारामती एमआयडीसीत काय तयार होत नाही? पियाजिओची तीनचाकी होते, व्हेस्पा होते, फेरेरोचं चॉकलेट होतं, चीज होतं, भारत फोर्जमध्ये तापलेल्या लोखंडाला आकार येतो, टेक्स्टाइल पार्कात कपडे शिवले जातात. आमच्या शेडमध्येही एक माल तयार होतो. तो ट्रकात भरावा लागत नाही, त्याला गंज चढत नाही, त्याचा गेटपास करावा लागत नाही. म्हणूनच वॉचमन नानांचा त्याच्यावर विश्वास नाही. आम्ही लिनक्सचा कर्नल बिल्ड करतो.

"म्हणजे नक्की काय करता?" असं लग्नकार्यात विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे : "कंपनीत आहे." इंदापूर-बारामती पट्ट्यात यावर पुढचा प्रश्न येतो तो "पर्मनंट का?" एवढाच. त्यामुळे कर्नलपर्यंत कुणी पोचत नाही. वाचकांना इतक्या स्वस्तात कटवता येणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

कुणाला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, कुणाला किती मेमरी, कोणत्या वायरीतून काय आलं, हा संगणकाच्या आतला सगळा कारभार पाहणारा प्रोग्राम म्हणजे कर्नल. हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला तेव्हा दहाएक हजार ओळींचा होता. आता तीन कोटींच्या पुढे गेलाय. या ओळी बहुतेक सगळ्या सी भाषेत असतात आणि प्रोसेसरला सी येत नाही. सीचं प्रोसेसरला कळेल असं रूपांतर करतो तो कंपाइलर. आमचा कंपाइलर जीसीसी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम बाहेर काढलेला. आम्ही कर्नल फुकट उतरवून घेतो, नको ते वगळतो, आमच्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात बसवतो, सगळं कंपाइलरच्या हवाली करतो आणि चहाला जातो. तयार झालेला कर्नल एका बिनपंख्याच्या छोट्या संगणकात जातो आणि तो डबा सीएनसी मशीनशेजारी लटकतो. मशीन किती वेळ चाललं, किती वेळ उभं राहिलं, किती पीस निघाले, हे तो मालकाच्या मोबाइलवर सांगतो. आम्ही त्याला मॉनिटरिंग युनिट म्हणतो. ऑपरेटर मंडळी त्याला चुगलखोर म्हणतात, आणि त्यांचं नाव जास्त अचूक आहे.

आमचा बिल्डचा संगणक कोपऱ्यात एका लोखंडी टेबलावर असतो. त्याच्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी आहे आणि खंडेनवमीचं हळदकुंकू सोडलं तर ती सगळे पाळतात. त्यावर सेंटओएस ७ आहे. ही ऑपरेटिंग सिस्टिम जुलै २०१४ची, तिचा सांभाळ ३० जून २०२४ला अधिकृतपणे संपला. तरी ती बदलता येत नाही. त्याच संगणकावर दुसरं एक महागडं सॉफ्टवेअर आहे, ते मागच्या बाजूला खुपसलेल्या एका डाँगलवर चालतं, आणि तो डाँगल नव्या सिस्टिममध्ये स्वतःची ओळख द्यायला तयार नाही. डाँगल विकणारी कंपनी आता नाही. मालकाचं धोरण स्पष्ट आहे : चालतंय ना? मग चालू द्या. एमआयडीसीतल्या निम्म्या यंत्रसामग्रीचं आयुष्य या दोन वाक्यांवर उभं आहे, आणि हे मी टीका म्हणून म्हणत नाही.

सेंटओएस ७ सोबत येतो तो जीसीसी ४.८. तो अगदीच जुना म्हणून माझ्या आधीच्या इंजिनिअरने शेजारी जीसीसी ९ बसवून ठेवला होता. तशी रीतसर सोय असते : जुना आपल्या जागी राहतो, नवा वेगळ्या कप्प्यात राहतो, आणि लॉगिन केलं की सुरुवातीची एक फाइल नव्याला पुढे करते. हे करून तो इंजिनिअर हिंजवडीला गेला. जाताना त्याने रात्री अडीच वाजता आपोआप सुरू होणारा बिल्डही लावून दिला. दिवसा त्या संगणकावर दुसरी कामं असतात, रात्री तो मोकळा असतो. सकाळी आठला मेल यायचा : 'बिल्ड झाला.' बिघडला तर लॉगच्या शेवटच्या वीस ओळी यायच्या. पण बिघडायचाच नाही. इतका सुरळीत कारभार पाहून खरं तर तेव्हाच शंका यायला हवी, पण सुरळीत कारभाराची चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडे कुठेच नाही.

हा सगळा काळ कर्नल ४.१९चा होता. डिसेंबर २०२४मध्ये त्याचीही मुदत संपली आणि आम्ही ५.१० वर जायचं ठरवलं. मी दिवसा बिल्ड केला. झाला. डब्यात घातला. चालला. रात्रीच्या यादीत ५.१० टाकला आणि घरी गेलो. सकाळी मेल : बिल्ड फसला. खाली वीस ओळी, त्यातल्या बऱ्याच ओळींत 'एरर १' आणि 'एरर २'. म्हणजे अमुक एक काम फसलं म्हणून तमुक फसलं, तमुक फसलं म्हणून मी थांबलो, असं प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवून हजेरी लावून गेलेला. मी आठला पुन्हा बिल्ड लावला. नवाला कर्नल तयार. दुसऱ्या रात्री पुन्हा फसला. दिवसा पुन्हा झाला.

दिवसपाळीत होतो आणि रात्रपाळीत होत नाही, ही बातमी शेडमध्ये पसरायला चहाची एक फेरी पुरली. मग तज्ज्ञ जमले. इलेक्ट्रिशियन मामा म्हणाले, "व्होल्टेज. रात्री आजूबाजूच्या शेडा बंद होतात, लोड उतरतो, व्होल्टेज चढतं. माझं घरचं फ्रीज असंच गेलं." सेटर म्हणाला, शेजारच्या शेडमधला प्रेस रात्रीच चालतो, त्याच्या दणक्याने हार्डडिस्क हलत असेल. स्टोअरवाल्याचा रोख थंडीवर होता. वॉचमन नाना काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या बाभळीकडे पाहिलं आणि तपकीर ओढली.

हसू नका. यातल्या व्होल्टेजवाल्या शंकेला तर घराणं आहे. नव्वदच्या दशकात लिनक्सचा कर्नल बिल्ड करताना कंपाइलर मध्येच 'सिग्नल ११' असं म्हणून मरायचा, आणि अनुभवी मंडळी सांगायची की कंपाइलरला दोष देऊ नका, मेमरीची चिप खराब आहे. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. कर्नलचा बिल्ड मेमरीला इतका पिळून काढतो की लोक तो मेमरी तपासायला मुद्दाम चालवत. पण त्या दुखण्याची खूण अशी की ते दर वेळी वेगळ्या फाइलवर उमटतं. आमचं दर रात्री त्याच वेळी, त्याच वीस ओळींत उमटायचं. खराब हार्डवेअर इतकं वक्तशीर नसतं.

शेवटी मी रात्री थांबलो. हंगाम चालू होता. बाहेर रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे चाललेले, आत मी आणि नाना. रात्री एकला मी हाताने बिल्ड लावला. बिल्ड बिनतक्रार झाला. प्रेस दणकत होता, थंडी होती, व्होल्टेज मामांच्या म्हणण्याप्रमाणे चढलेलं असणार, बाभूळ जागेवर होती आणि कर्नल तयार होता. अडीच वाजता आपोआपचा बिल्ड सुरू झाला आणि पटकन आपटला. नाना म्हणाले, "साहेब, तुम्ही बसला की हुतंय, त्याचं तो बसला की हुत न्हाय." मी त्याकडे दुर्लक्ष केलं. निदान इतकं तरी करायला नको होतं, कारण प्रकरणाचं नेमकं वर्णन तेच होतं.

उलगडा झाला तो आमच्या घरी, इंदापूरला, तात्यांपुढे. तात्या माझे चुलते, वालचंदनगरला टर्नर होते. जिथे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात तिथे नोकरी झाल्यामुळे जगातल्या बाकी सगळ्या कामाकडे ते जरा वरून पाहतात. संगणकाशी त्यांचा संबंध युट्यूबवरच्या कीर्तनापुरता. जेवताना मी रात्रपाळीची हकिकत सांगितली. त्यांनी भाकरी मोडत चौकशी सुरू केली.

"मशीन दिवसा रात्री तेच?"

"तेच."

"मटेरियल?"

"तेच, तात्या. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

"मानूस?"

"रात्री माणूसच नसतो. आपोआप चालतं."

"मग टूल बघ."

मी म्हटलं, टूलही तेच आहे. तात्या हसले. वालचंदनगरच्या आधी ते एका लहानशा वर्कशॉपात होते, तिथली गोष्ट त्यांनी सांगितली. दिवसपाळीचा माल पास, रात्रपाळीचा रिजेक्ट. सगळ्यांनी रात्रपाळीच्या गड्याला शिव्या घातल्या. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की टूल रूमवाला संध्याकाळी सहाला कुलूप लावून घरी जातो. "नवं टूल कपाटात हाय, पन कपाट उघडनार कोन? गडी काय करनार? ड्रॉवरात जे जुनं पडलंय ते लावनार. आधीचं काम सैल हुतं, त्यात ते खपून गेलं. ड्रॉइंग बदललं, टॉलरन्स आवळला, मग लागला माल रिजेक्ट व्हायला. गडी तोच, टूल तेच जुनं. रात्री ते पयल्यापासनं जुनंच हुतं."

माझा घास हातात राहिला. तात्या पुढे म्हणाले, "आन तू बघतो काय सकाळी?"

"शेवटच्या वीस ओळी येतात मेलवर."

"शेवटचा पीस बघून टूलचं काय कळतं, लेका? पयला पीस बघायचा."

दुसऱ्या दिवशी मी बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी केल्या. कंपाइलरने आधी स्वतःचा नंबर सांगावा अशी ओळ वर टाकली, आणि लॉग शेपटासकट नव्हे तर डोक्यासकट जपायला सांगितला. सकाळी लॉग उघडला. पहिल्याच ओळीत जीसीसी ४.८.५.

टूल रूमला कुलूप होतं! ठरलेल्या वेळी आपोआप कामं सुरू करणारा जो प्रोग्राम असतो, तो लॉगिन करत नाही. लॉगिनची ती फाइल वाचत नाही. नव्या कंपाइलरचा कप्पा कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, मग तो सरळ नेहमीच्या जागचा जुना उचलतो. दिवसा मी लॉगिन करायचो, म्हणून मला ९ मिळायचा. रात्री एकलाही मीच बसलो होतो, म्हणून ९. अडीचला ४.८.५. तात्यांचं दुसरं वाक्यही तितकंच खरं निघालं : कर्नल ४.१९ला किमान जीसीसी ४.६ चालतो, त्यामुळे रात्रीचे आमचे सगळे बिल्ड पहिल्यापासून जुन्यावरच होत होते आणि खपत होते. तालुक्यातल्या कित्येक मशीनवर लटकलेले चुगलखोर रात्रपाळीचे निघाले. ५.१०ने टॉलरन्स आवळला. त्याला किमान ४.९ लागतो.

४.९ला ४.८.५ कमी पडला. दहावीला चौतीस मार्क मिळालेल्या मुलाकडे जसं बघवत नाही, तसं मला त्या नंबराकडे बघवेना. त्यातही अन्याय असा की ४.९ निघाला एप्रिल २०१४मध्ये आणि ४.८.५ निघाला जून २०१५मध्ये. म्हणजे हा वर्षभराने मागाहून आलेला आणि तरी जुना ठरलेला. ४.८च्या ओळीतली दुरुस्ती असल्यामुळे जन्मतारीख कोण विचारतो.

त्याच्याखालची ओळ मात्र वाचण्यासारखी होती. कर्नलच्या एका हेडर फाइलमध्ये कंपाइलरचं वय तपासणारी ओळ आहे आणि ती चक्क 'सॉरी' म्हणते : सॉरी, तुमचा जीसीसी फार जुना आहे, कृपया ४.९ किंवा त्यापुढचा वापरा. टॉरव्हाल्ड्स यांच्या जिभेची ख्याती ज्यांना माहीत आहे त्यांना त्यांच्या कर्नलमधला हा विनय पाहून भरून येईल. एवढं सभ्यपणे सांगितलेलं वाक्य रोज रात्री सर्वांत वर छापलं जात होतं. पण सॉरी म्हटल्यावर जीसीसी थांबत नाही. तो फाइल पुढे वाचत राहतो, आणि पुढे जे जे कळत नाही त्याबद्दल ओरडत राहतो. अनेक फाइली एकाच वेळी बिल्ड होत असल्यामुळे ओरडण्याची सरमिसळ होते, आणि शेवटच्या वीस ओळींत उरतो तो नुसता गोंगाट.

आमच्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजचा एक ट्रेनी होता. तो म्हणाला, "सर, ती वय तपासणारी ओळच काढून टाकू ना." महाराष्ट्रात या मुलाला भवितव्य आहे. मी म्हटलं, काढ. त्याने काढली. सॉरी गेलं, गोंगाट राहिला. कारण ४.९ची अट कुणाच्या लहरीने घातलेली नाही. सी भाषेच्या २०११च्या मानकात 'जेनेरिक' नावाची एक सोय आली. हाती आलेली वस्तू कोणत्या प्रकारची आहे ते पाहून त्याप्रमाणे पुढचा कोड निवडता येतो. कर्नलवाल्यांनी ती मेमरीतून एक मूल्य वाचण्याच्या अगदी मूळच्या क्रियेत वापरली, आणि ती क्रिया कर्नलमध्ये पावलोपावली आहे. जीसीसीला ती सोय ४.९ पासून येते. ४.८.५ला तो शब्दच ठाऊक नाही, मग दर पावलाला अडखळणारच. पाटी काढली तरी खड्डा बुजत नाही, हे ट्रेनीला पटलं. तो आता पुण्यात आहे.

खरं म्हणजे सोयीचे शब्द टाळून लिहिण्याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या बारामतीचाच आहे. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, ज्यात ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर नाही. विचार करा : राम म्हणताना ओठ मिटतात. म्हणजे या गृहस्थांनी नायकाचं रूढ नाव न घेता त्याचं चरित्र लिहिलं! १७९४ साली बारामतीत त्यांचं देहावसान झालं, नाही तर कर्नलवाल्यांनी त्यांना हातचं सोडलं नसतं. कारण कर्नलची मंडळी हेच करत आली. २०१८पर्यंत त्यांनी जीसीसी ३.२ची, म्हणजे २००२च्या कंपाइलरची, सोय पाहत कोड लिहिला. सी भाषेचं १९८९चं मानक तर त्यांनी मे २०२२मध्ये, ५.१८ या आवृत्तीत, सोडलं. तोवर लूपचा मोजणारा त्या लूपच्या कंसातच जाहीर करायची साधी चैनही कर्नलमध्ये नव्हती. कॉलेजात पहिल्या सत्राची पोरं जे सर्रास लिहितात ते जगातल्या नामांकित प्रोग्रामरांना वर्ज्य. मोरोपंतांनी हौसेने पाळलं ते यांनी जुन्या कंपाइलरवाल्यांच्या भिडेपोटी पाळलं. कधी तरी ओठ मिटणारच.

आणि नवा तो शहाणा असंही नाही. रेड हॅट लिनक्स ७ सन २०००मध्ये आला तेव्हा त्यात जीसीसी २.९६ होता, जो जीसीसीच्या मूळ मंडळींनी कधी काढलाच नव्हता. तो बाकी सगळ्याला आणि कर्नलसाठी मात्र जुना कंपाइलर केजीसीसी नावाने वेगळा दिलेला. आमच्या शेडच्या बरोबर उलट. ४.१.० आणि ४.१.१ हे जीसीसी कोडचा एक प्रकार गुपचूप चुकीचा बांधायचे, म्हणून कर्नलने त्यांना नंबर घेऊन मनाई केली होती. आणि जो ४.९ आमच्या ४.८.५वर भाव खातो, त्याच्या पहिल्या ४.९.० ने जुलै २०१४मध्ये कर्नलच्या शेड्यूलरमधलं एक फंक्शन चुकीचं बांधलं. त्या दिवशी टॉरव्हाल्ड्स सॉरी म्हणाले नाहीत. ते जे म्हणाले ते इथे छापता येत नाही. तो बिल्ड निर्विघ्न झालेला होता, हे त्यातलं वाईट. म्हणून माझं मत ४.८.५च्या बाजूचं आहे. त्याला कळलं नाही, त्याने नाही म्हटलं. काही कळलं नसताना हो म्हणून सही ठोकणारे मला दुसरीकडे भरपूर भेटतात.

उपाय एका ओळीचा होता : स्क्रिप्टमध्ये जीसीसी ९चा पूर्ण पत्ता लिहिणे. मालकांनी विचारलं, "इतके दिवस एका ओळीसाठी?" मी हो म्हटलं. मामांनी तोवर तिथे स्टॅबिलायझर बसवून घेतला होता. त्यानंतर बिल्ड सुरळीत झाल्यामुळे श्रेय कुणाचं हा प्रश्न शेडमध्ये मिटलेला आहे, आणि तो माझ्या बाजूने मिटलेला नाही. बाभळीला एक नारळ फुटलेला दिसला. तो कुणी फोडला हे नाना सांगत नाहीत. तात्यांना मी फोन करून निकाल कळवला, तर म्हणाले, "तुला तिथं किती पगार हाय म्हनलास?"

कर्नल ५.१०चा सांभाळ डिसेंबर २०२६पर्यंत करायचं ठरलेलं आहे. पुढे ६.१६ पासून किमान अट जीसीसी ८.१ची झाली. आमच्या कप्प्यात ९ आहे. तूर्त पास.